राजदेहाचे रक्षक आणि दरबारी पदव्या : बायझंटाईन व मराठी दरबारांचा एक तौलनिक विचार

उज्जयिनीच्या नानाखेडा भागात वस्ती नवी आहे, परंतु तेथील मराठी कुटुंबांची आडनावे जुनी आहेत. शाळेचा हजेरीपट वाचताना शिलेदार, जामदार, फडणीस, चिटणीस, पागे अशी नावे ओळीने येतात आणि ‘हजर’ असे उत्तर देणाऱ्या बालकास आपण कोणत्या दरबारचा वारसा उच्चारीत आहोत याची कल्पनाही नसते. एकदा इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘गुरुजी, जामदार म्हणजे जमादारच ना?’’ त्याला उत्तर देताना प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आले की, या शब्दांचे मूळ अर्थ आपण शिक्षकही पुरते विसरलो आहोत. शब्दाचा अर्थ विसरला गेला तर तो कोशात शोधता येतो. परंतु पदवीचा अर्थ राज्य चालू असतानाच विसरला गेला, तर त्याचे मोल राज्याला द्यावे लागते. या विधानाची सत्यता पडताळण्यासाठी एक दूरचा दरबार आणि एक घरचा दरबार शेजारी ठेवून पाहण्याचा येथे विचार आहे.

दूरचा दरबार कॉन्स्टँटिनोपलचा. रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग पाचव्या शतकात कोसळल्यानंतरही पूर्वेकडील हे राज्य जवळजवळ एक हजार वर्षे टिकले, ते १४५३ साली तुर्कांनी राजधानी घेईपर्यंत. इतिहासकार त्याला बायझंटाईन साम्राज्य म्हणतात. या दरबारात पदव्यांची जी उतरंड होती, तिच्यातील कित्येक नावांचा मूळ अर्थ मोठा घरगुती आहे. ‘स्पाथारिओस’ म्हणजे तलवार धरणारा, ‘प्रोतोवेस्तिआरिओस’ म्हणजे सम्राटाच्या वस्त्रागारावरील मुख्य सेवक, आणि ‘पाराकिमोमेनोस’ म्हणजे शेजारी निजणारा, अर्थात सम्राटाच्या शयनगृहात रात्री जागता पहारा ठेवणारा. सम्राटाच्या देहाशी ज्याची सेवा जितकी जवळची, तितका त्याचा अधिकार मोठा, हे तत्त्व या नावांतच कोरलेले आहे.

काळ गेला तशी नावे राहिली आणि सेवा सुटली. नवव्या शतकापर्यंत ‘स्पाथारिओस’ ही नुसती पायरी उरली. ती धारण करणाऱ्याने सम्राटाची तलवार कधी हातीही धरलेली नसे. ८९९ साली फिलोथेओस नामक दरबारी अधिकाऱ्याने एक ग्रंथ सिद्ध केला. मेजवानीच्या वेळी कोणी कोठे बसावे हे सांगणे हा त्याचा उद्देश. त्यात त्याने एक सूक्ष्म भेद केला आहे. काही मान चिन्ह देऊन दिले जात आणि ते आजन्म राहत. काही अधिकार मुखाच्या शब्दाने दिले जात आणि शब्दानेच काढून घेतले जात. आपल्या भाषेत बोलायचे तर पहिला किताब आणि दुसरा हुद्दा. किताबासोबत सोन्याचे वार्षिक वेतन मिळे. ९५० साली इटलीचा राजदूत म्हणून आलेल्या ल्युतप्रांद याने हे वाटप प्रत्यक्ष पाहिले. सम्राट स्वहस्ते थैल्या देई, आणि वरच्या श्रेणीच्या मानकऱ्यांच्या थैल्या इतक्या जड असत की त्या हातात न मावता खांद्यावरून न्याव्या लागत.

या सगळ्या डामडौलात एक प्रश्न मात्र शिल्लक राहिला. तलवार धरणारा जर तलवार धरीत नसेल, तर सम्राटाच्या दाराशी उभे कोण? सम्राट तिसरा मायकेल याने बॅसिल नावाच्या एका मर्जीतल्या माणसाला, जो मूळचा घोड्यांची निगा राखणारा होता, ‘शेजारी निजणारा’ हे पद दिले. ८६७ साली त्याच बॅसिलच्या साथीदारांनी त्याच शयनगृहात मायकेलचा वध केला आणि बॅसिल सम्राट झाला. पद सर्वांत जवळचे होते. ज्याला ते दिले, त्याची निष्ठा मात्र तितकी जवळची नव्हती.

आता घरच्या दरबाराकडे वळू. आपल्याकडील दरबारी शब्दांचे मूळ शोधू जाता आपण शिवकालाच्याही मागे, बहामनी राज्यापर्यंत पोहोचतो. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलतान पहिला मुहम्मदशहा याने आपल्या अंगरक्षकांची रचना लावून दिली. सुलतानाची खासगी शस्त्रे सांभाळणारे दोनशे निवडक तरुण, ते ‘सिलाहदार’. त्यांच्या जोडीला चार हजारांचे खासगी दळ, ते ‘खासाखेल’. आणि या सर्वांवरचा सरदार तो ‘सरनौबत’. पुढील तीन शतकांत दक्षिणेतील राज्ये उदयास आली आणि मावळली, पण हे तिन्ही शब्द मराठीत उतरले. आश्चर्य हे की तिघांनी तीन वाटा धरल्या.

‘सिलाहदार’ हा ‘शिलेदार’ झाला. राजाची शस्त्रे राखणारा तो, स्वतःच्या घोड्यानिशी आणि स्वतःच्या हत्यारांनिशी चाकरीला येणारा स्वार ठरला. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर, आणि शिलेदार त्याच्याहून प्रतिष्ठित. म्हणजे ज्या शब्दाचा मूळ अर्थ राजाशी अत्यंत निगडित, तोच शब्द राजापासून सर्वांत स्वतंत्र अशा स्वाराला लागला. ‘सरनौबत’ हा राजवाड्याच्या पहाऱ्यावरून निघून सबंध फौजेचा मुख्य झाला. ‘खासाखेल’चे काय झाले, ते पुढे येईलच. आणि त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तरही येथे देऊन टाकावे. जामदार हा जामा म्हणजे वस्त्र सांभाळणारा. राजाची वस्त्रे आणि जडजवाहीर एकाच कोठीत असत, म्हणून जामदारखाना हा शब्द पुढे खजिन्याचाच वाचक झाला. कॉन्स्टँटिनोपलमध्येही ‘वेस्तिआरिओन’ हे वस्त्रागार कालांतराने राज्याचा एक खजिनाच झाले होते. दोन दरबारांचा परस्परांशी संबंध नसता दोघांनीही वस्त्रांच्या पेटीतून तिजोरी काढली.

शिवाजी महाराजांनी ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक करून घेतला, तेव्हा या शब्दसृष्टीला त्यांनी जाणीवपूर्वक हात घातला. पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, वाकनिसाचा मंत्री आणि सरनौबताचा सेनापती झाला. ‘राज्यव्यवहारकोश’ त्याच हेतूने सिद्ध झाला. असेच काही कॉन्स्टँटिनोपलमध्ये साडेदहा शतके आधी घडले होते. सम्राट हेराक्लिअस याने ६२९ साली लॅटिन परंपरेतील लांबलचक बिरुदे बाजूस सारून ‘बासिलेउस’ ही प्रजेच्या ग्रीक बोलीतील पदवी अधिकृतपणे घेतली. राज्य कोणाचे आहे हे सांगण्याची ती एक रीत होती.

परंतु महाराजांची दृष्टी नावाच्या बदलापाशी थांबली नव्हती. अष्टप्रधानांना त्यांनी रोख वेतन बांधून दिले आणि ही पदे वंशपरंपरेने चालू नयेत असा कटाक्ष ठेवला. फिलोथेओसच्या भाषेत सांगायचे तर महाराजांच्या दरबारात शब्दाने दिलेले, शब्दाने परत घेता येणारे अधिकार होते. शिवाय मंत्री म्हणजे पूर्वीचा वाकनीस, याचे काम पाहावे. राजाची दिनचर्या लिहून ठेवणे, भोजन आणि आमंत्रणे यांवर देखरेख करणे, राजाविरुद्ध घातपात होऊ नये म्हणून सावध राहणे. येथे पदवी मोठी होती आणि सेवाही जवळचीच राहिली होती. १६५९ साली प्रतापगडाखाली अफजलखानाच्या भेटीच्या वेळी सय्यद बंडाचा वार अडविणारा जिवा महाला हा कोणी किताबधारी नव्हता. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण लोकांनीच त्याला दिलेली पदवी होय.

हा मेळ पुढे सुटत गेला, आणि तो सुटण्यास कारणेही तशीच बिकट होती. औरंगजेबाच्या स्वारीत राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हा तिजोरी रिकामी होती. देण्यासारखे जे उरले होते ते म्हणजे वतन आणि मान. प्रल्हाद निराजीसाठी ‘प्रतिनिधी’ हे नवे पद निघाले, रामचंद्रपंत अमात्यांस ‘हुकूमतपन्हा’ म्हटले गेले, संताजी घोरपड्यांस ‘ममलकतमदार’. या पदव्यांनी राज्य वाचविले, हे विसरता कामा नये. परंतु संकटात दिलेला मान संकट सरल्यावर परत घेता येत नाही. शाहू महाराजांच्या काळी पदे घराण्यांत स्थिरावली. आणि त्याच ओघात ‘खासाखेल’ या शब्दाची गती पूर्ण झाली. ‘सेनाखासखेल’ हा किताब गायकवाड घराण्याकडे आला आणि ‘समशेर बहादूर’ या दुसऱ्या किताबासह बडोद्याच्या अधिपतीच्या नावामागे कायमचा जोडला गेला. शब्दाचा अर्थ राजाच्या खास दळाचा नायक. राजा साताऱ्यास आणि नायक गुजराथेत!

बायझंटाईन दरबारात हीच अवस्था अकराव्या शतकात आली. किताबांची खैरात इतकी वाढली की जुन्या श्रेणींना कोणी विचारीना. सोन्याच्या नाण्यातील सोनेही त्याच काळात उतरत गेले. नाणे आणि पदवी यांची जात एकच आहे. दोहोंच्या पाठीशी काही ठेव असावी लागते. १०८१ साली गादीवर आलेल्या अलेक्सिओस कोम्नेनोसने १०९२ मध्ये नवे, चोख सोन्याचे नाणे पाडून त्या बाजूने डोलारा सावरला. पदव्यांच्या बाजूने मात्र त्यानेही नव्या, अधिक भारदस्त पदव्या निर्मून आपल्या आप्तांनाच वाटल्या. वडील भाऊ इसाक याच्यासाठी ‘सेबास्तोक्रातोर’ ही पदवी काढून त्याला पूर्वीच्या ‘सीझर’च्याही वर बसविले. नाणे सुधारणे त्याला साधले. नात्यागोत्याचा दरबार मात्र पुढे त्याच्याच वंशाला जड गेला.

रिकाम्या झालेल्या दाराशी कोणी तरी उभे राहणे प्राप्तच होते. सम्राट दुसरा बॅसिल याच्यापुढे स्वकीय सरदारांचे बंड उभे राहिले, तेव्हा ९८८ च्या सुमारास कीव्हच्या व्लादिमीरने त्याच्या मदतीस सहा हजार उत्तरी योद्धे धाडले. हेच परशुधारी वरांगी. त्यांना गावातले कोणी सोयरे नव्हते, दरबारातील कोणत्याही तटाशी त्यांचे देणेघेणे नव्हते. सम्राटाला हेच हवे होते. पुढे नॉर्वेचा राजा झालेला हाराल्ड तरुणपणी याच सेवेत होता आणि त्याला ‘स्पाथारोकांदिदातोस’ हा किताब मिळाला, असे अकराव्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात नमूद आहे. त्या किताबात पुन्हा ती जुनी तलवार आहे. निदान त्याच्या बाबतीत नाव आणि काम काही काळ एकत्र आले.

पेशवाईत हे स्थान गारद्यांनी घेतले. युरोपीय धर्तीवर कवाईत शिकलेल्या या बंदुकधारी पायदळाचे नावच परकीय शब्दावरून पडले असावे असे मानतात. परके किंवा भाडोत्री म्हणून ते बेइमान, असा सरसकट निकाल देणे अन्यायाचे होईल. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारदी भाऊसाहेबांच्या बाजूने अखेरपर्यंत लढला, पकडला गेला आणि प्राणास मुकला. वरांगींचे तेच. १०८१ साली नॉर्मनांविरुद्ध डिरॅखिअमच्या रणात त्यांच्यातील कित्येकजण माघारी न फिरता एका चर्चमध्ये कोंडले गेले आणि त्याला लावलेल्या आगीत जळाले. पगारी माणूस निष्ठावंत असू शकतो. प्रश्न एवढाच की त्याच्या पगाराची दोरी कोणाच्या हाती आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात या प्रश्नाचे उत्तर मिळाले. सुमेरसिंग, महंमद यूसुफ, खरगसिंग हे गारद्यांचे नायक थकलेल्या पगाराच्या निमित्ताने आत शिरले. दोरी राघोबादादांच्या पक्षाने आधीच आपल्या हाती घेतली होती. अठरा वर्षांचा नारायणराव चुलत्याच्या आश्रयाला धावला आणि तेथेच मारला गेला. त्या वेळी पेशव्यांच्या पदरी किती मानकरी, किती सरदार, किती बिरुदधारी होते! सबंध हिंदुस्थानात ज्यांचा दरारा, अशी ती नामावळी. त्यांपैकी त्या क्षणी दाराशी कोणी नव्हता. धन्याच्या अंगावर पालथा पडून वार झेलणारा चापाजी टिळेकर हा साधा सेवक होता. तो धन्यासह तेथेच मरण पावला. बहामनी सुलतानाने ज्या कामासाठी दोनशे सिलाहदार आणि चार हजार खासाखेल नेमले होते, ते काम त्या दिवशी एकट्या चापाजीने केले. त्या कामाची पदवी मात्र तेव्हा बडोद्यास होती.

याच पार्श्वभूमीवर उज्जयिनीच्या शिंदे घराण्याची कथा पाहण्यासारखी आहे. सातारा प्रांतातील कण्हेरखेडचे हे पाटील. राणोजी शिंदे प्रारंभी पेशव्यांचे जोडे सांभाळण्याच्या सेवेत होते, अशी कथा माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात दिली आहे. बाजीराव शाहू महाराजांच्या भेटीहून बाहेर आले, तो राणोजी झोपी गेलेले, परंतु धन्याचे जोडे दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेले. बाजीरावांनी त्यांस पागेत, म्हणजे आपल्या खाशा स्वारांत, घेतले. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिचे मर्म आपल्या विषयाला अगदी जुळणारे आहे. तलवार धरणारा, शेजारी निजणारा, जोडे उराशी धरणारा ही सारी एकाच कुळीची पदे होत. राणोजी पुढे माळव्याच्या वाटणीचे धनी झाले आणि उज्जयिनी ही त्या सत्तेची राजधानी झाली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, तो याच काळातला.

राणोजींचे पुत्र महादजी यांनी किताबांची दोन्ही टोके पाहिली. दिल्लीचा बादशहा शहाआलम याच्या नावामागे बिरुदांची सर्वांत लांब माळ होती. १७८८ च्या ऑगस्टमध्ये गुलाम कादिराने लाल किल्ल्यात त्याचे डोळे काढले. अंतःपुराचा अधिकारी नाझर मंजूर अली याच्या संगनमताने त्याला आत वाट मिळाली होती. ‘शेजारी निजणारा’ येथेही उलटला. महादजींनी दिल्ली परत घेऊन आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसविले. त्यांच्याकडे ‘आलीजाहबहादूर’ हा किताब आला, आणि पेशव्यांसाठी त्यांनी ‘वकील-इ-मुत्लक’ ही पातशाहीची मुखत्यारी आणली. १७९२ च्या जूनमध्ये ती वस्त्रे घेऊन ते पुण्यास आले. दरबारात ते सर्व मानकऱ्यांच्या खाली बसले, काखेतील गाठोडे सोडून नवे जोडे काढले आणि सवाई माधवरावांपुढे ठेवून म्हणाले की आपल्या वडिलांचे काम तेच आपले काम. ग्रँट डफने हा प्रसंग नोंदविला आहे. स्वतःला पाटील म्हणवून घेण्याचा त्यांचा आग्रह तर सर्वश्रुतच आहे.

यात नम्रता किती आणि मुत्सद्दीपणा किती, यावर बराच खल झाला आहे. ज्याच्या हाती हिंदुस्थानातील सर्वांत प्रबळ फौज, त्याने चाकरीचा आव आणावा, यात डाव दिसणे स्वाभाविक आहे, आणि डाव मुळीच नव्हता असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. परंतु डाव मानला, तरी तो किती मर्मज्ञ होता! महादजींनी हे ओळखले होते की किताब दिल्लीहून येतो आणि दिल्ली स्वतःचे डोळेही राखू शकत नाही. जोडे उचलण्याचे काम हेच ते पद, ज्याच्या मागे अजून काही ठेव शिल्लक होती.

हीच दृष्टी त्यांच्या फौजेच्या व्यवस्थेत आढळते. द बॉइन या सरदाराच्या कवाइती पलटणींच्या खर्चासाठी त्यांनी दोआबात मुलूख लावून दिला, त्यामुळे त्या शिपायांचा पगार वेळच्या वेळी होई. १७७३ चा धडा ज्या दरबाराला महाग पडला, त्याच दरबारातील एका सरदाराने तो नीट गिरविला होता. मात्र ही व्यवस्था करणारे महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस निवर्तले. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपताच दौलतराव शिंद्यांच्या पदरचा मोठ्या मानमरातबाचा सेनानी पेराँ इंग्रजांकडे निघून गेला आणि अनेक युरोपीय अधिकाऱ्यांनी तीच वाट धरली. सहाशे वर्षांपूर्वी, १२०४ च्या एप्रिलमध्ये, धर्मयोद्धे कॉन्स्टँटिनोपलच्या तटाच्या आत आले असता वरांगींनी आधी वाढीव वेतनाची गोष्ट काढली, अशी व्यथा निकेतास खोनिआतेस या समकालीन इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. परंतु १८०३ च्या कथेचा उत्तरार्ध अधिक तेजस्वी आहे. अधिकारी गेल्यावर उरलेले साधे शिपाई १ नोव्हेंबर रोजी लासवारीस असे निकराने लढले की, विजयी सेनापती लेक यालाही त्यांच्या शौर्याची कबुली द्यावी लागली. चापाजीप्रमाणे त्यांच्यापाशीही पदवी नव्हती.

दौलतरावांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरास हलविली. तेथे फौजेचा तळ पडला, त्या वस्तीला ‘लष्कर’ हेच नाव मिळाले. उज्जयिनीत महाकाल राहिला, घाट राहिले आणि दरबाराबरोबर न गेलेली काही कुटुंबे राहिली. त्यांच्या पदव्या कालांतराने आडनावे झाल्या. ग्रीस देशातही आज लोगोथेटिस, साकेलारिऊ, स्पाथारिस ही आडनावे धारण करणारी सामान्य माणसे आहेत. त्यांतील स्पाथारिसच्या पूर्वजांपैकी कोणी सम्राटाची तलवार धरली होती की नाही, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

इतिहास शिकविताना आपण पदव्यांच्या याद्या पाठ करून घेतो. अष्टप्रधानांची आठ नावे आणि त्यांचे फारसी पर्याय यांवर परीक्षेत गुण ठरलेले असतात. त्या यादीच्या शेजारी एक प्रश्न लिहून ठेवावा, अशी शिक्षकबंधूंना विनंती आहे : या पदाचे मूळ काम कोणते होते, आणि अमुक साली ते काम प्रत्यक्षात कोण करीत होते? ज्या वर्षी या दोहोंची उत्तरे वेगळी येऊ लागतात, ते वर्ष सनावळीत ठळक अक्षरांनी लिहिण्याजोगे असते, मग त्या वर्षी लढाई झालेली असो वा नसो. आणि वर्गात कोणी टिळेकर असेल, तर त्याला जवळ बोलावून सांगावे की, त्या यादीत नसलेले एक नाव १७७३ च्या त्या दिवशी राजद्वारी हजर होते.